कपावरचा हिरवट डाग

गळ्यात भिंग अडकवून तीस वर्षं डोंगर तुडवल्यामुळे छावणीतले सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणत. आता डोंगरानेच त्यांना तुडवल्यासारखं झालं होतं. गुडघे बोलत होते, कंबर धरली होती. चार वाजता ट्रक येतो आणि कधी एकदा घरी जाऊन आडवा होतो, एवढंच डोक्यात होतं.

तीन महिने ते मॉलिब्डेनाइट शोधत होते. पोलाद बळकट करणारा धातू ज्यातून काढतात, ते दुर्मिळ खनिज. पंचाईत अशी की पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही जवळपास तसंच दिसतं, करडं, चकचकीत, मऊ आणि बोटं काळी करणारं. ओळखायची सोपी खूण एकच. चिनी मातीच्या गुळगुळीत कपावर दगड घासायचा. रेघ करडी उठली तर ग्रॅफाइट, हिरवट उठली तर नशीब उघडलं. साहेबांनी बहात्तर दगड घासले, बहात्तर करड्या रेघा पाहिल्या आणि सगळ्या पिशव्या टाकाऊच्या ढिगात टाकल्या. डोंगरात काही नाही, असा अहवाल लिहून सहीही ठोकली.

छावणीत रांधणाऱ्या मावशी भांडी विसळत होत्या. "साहेब, चहाच्या कपावर दगड घासू नका म्हणून किती सांगायचं? हा सकाळचा हिरवा डाग निघता निघत नाहीये."

"करडा आहे तो, मावशी."

"हिरवट आहे. माझे डोळे अजून धड आहेत."

साहेबांनी कप उन्हात धरला. करडाच. चष्मा पुसून पाहिलं, तरी करडाच. मग त्यांना आठवलं, मोतीबिंदूने रंगही मळकट दिसतात. मोतीबिंदू वाढलाय, दाखवून घ्या, असं बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती आणि ते म्हणत होते, हा हंगाम संपू दे. सकाळचा तो दगड हातालाही जड लागला होता, आणि मॉलिब्डेनाइट ग्रॅफाइटपेक्षा जडच असतं. पण हल्ली त्यांना सगळंच जड लागत होतं.

कप अजून त्यांच्याच हातात होता. जोर लावून घासला की डाग जाणार. कोणाला कळणार होतं? तीस वर्षांच्या नावाला बट्टा लागला नसता आणि आजच घरच्या अंथरुणाला पाठ टेकता आली असती. ते इतके दमले होते की त्यांना रडूच यायला लागलं.

ट्रक आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"उद्या ये," साहेब म्हणाले. "नाही, परवाच ये."

अहवाल फाडून त्यांनी खिशात कोंबला. ढिगातल्या पिशव्या एकेक करून ओढत आणल्या. घरी फोन लावला आणि बायको काही बोलायच्या आत म्हणाले, "डॉक्टरांची तारीख घेऊन ठेव. तुझंच खरं होतं."

मग गुडघे धरत खाली बसले.

"मावशी, असतील तेवढे कप आणा. मी घासतो, तुम्ही रंग सांगा."

पहिली रेघ ओढून झाल्यावर त्यांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मावशींच्या तोंडाकडे पाहत राहिले.