सकाळची बरणी

कत्तलखान्यामागच्या टाकीत रोज काय आणि किती घालायचं, हे क्लेम हॅलोरनचं नाक ठरवत असे. रक्त, चरबी, मेंढ्यांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा, शेजारच्या चीज कारखान्यातलं पांढरं पाणी, सगळं त्या टाकीत जाई. ते कुजून निघणाऱ्या गॅसवर बॉयलर चाले, आणि गरम पाण्यावाचून कत्तल होत नसे. चरबी जास्त झाली की टाकी आतून आंबायची. मीटरचा काटा हलेपर्यंत उशीर झालेला असायचा. मेलबर्नच्या प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांनी यायचा. क्लेम मात्र रोज सकाळी बरणीभर काळी रबडी काढून हुंगायचा आणि सांगायचा, "आज दोन गाड्या चरबी चालेल," किंवा "आज उपास." एकोणीस वर्षांत तो चुकला नव्हता.

जूनमधल्या तापानंतर त्याला वास येईनासा झाला.

हे फक्त त्याच्या बायकोला, लोरेलला, ठाऊक होतं. कुंपणाला लागून असलेलं त्यांचं घर कत्तलखान्याच्या मालकीचं. ईस्टरला निवृत्त होईपर्यंत त्यानं टाकी सांभाळली तर घर त्याच्या नावावर करायचं मालकानं कबूल केलं होतं. म्हणून रोज सकाळी चहाच्या निमित्तानं क्लेम बरणी घेऊन घरी यायचा. लोरेल ओट्याशी उभी राहून झाकण उघडायची.

"मातीसारखा येतोय. बरी आहे," ती म्हणायची. एखाद्या दिवशी, "आंबूस मारतंय. उपाशी ठेव."

मग तो परत जाऊन सगळ्यांसमोर तीच बरणी हुंगायचा आणि तिचं बोलणं आपलं म्हणून सांगायचा. एरवी कुठे वासाचा प्रश्न आला, तर समोरच्याचा चेहरा बघून तो वेळ मारून न्यायचा. लोरेलचे आभार त्यानं एकदाही मानले नाहीत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मुकादम डेस आणि दोन खाटीक आपापल्या बायकांना घेऊन जेवायला आले. लोरेल पहाटे पाचला उठली होती. मेंढीची अख्खी मांडी, रोझमेरी लावून मंद भाजलेली, टेबलावर आली.

"काय रे क्लेम," डेस हसत म्हणाला, "पोरं म्हणतात तुझं नाक म्हातारं झालं. परवा कँटीनमध्ये नासलेलं दूध गटागट प्यायलास म्हणे!"

सगळे क्लेमकडे बघायला लागले. क्लेम ताटावर वाकला, दोनदा हुंगून सरळ झाला.

"मटण खराब आहे, लोरेल."

"काय?"

"हाडापाशी उतरलंय. यांना नाही कळायचं. मला कळतं."

"अरे, काल तूच तर आणलंस—"

"बघा," तो पाहुण्यांना म्हणाला, "एकोणीस वर्षं कत्तलखान्याच्या दारात राहतेय, पण बाईला अजून मटण ओळखता येत नाही!"

पाहुणे पोट धरून हसले. डेसनं पुढे केलेला हात मागे घेतला. मांडी कुत्र्यांपुढे गेली, पाहुण्यांनी ब्रेड आणि चीज खाल्लं. कुत्र्यांनी हाड चाटूनपुसून लख्ख केलं. त्यांना काही झालं नाही.

लोरेलनं भांडी घासली.

सोमवारी तिनं बरणी हुंगली. "मातीसारखा." क्लेमनं तीन गाड्या चरबी सोडायला लावली. मंगळवारी ती म्हणाली, "छान आहे," आणि बुधवारीही तेच म्हणाली. फडताळातल्या निम्म्या कपबश्या दिसत नव्हत्या. क्लेमच्या ते लक्षात आलं, पण त्यानं विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी गॅस निम्म्यावर आला. डेस कत्तलखान्यातल्या चहाच्या खोलीत क्लेमपुढे येऊन उभा राहिला. "काय म्हणतेय टाकी?"

लोरेलनं दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं. क्लेमनं निर्धास्तपणे झाकण काढलं, बरणी नाकाला लावली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"मातीसारखा. चरबी आणखी चालेल."

डोळे उघडले तेव्हा डेसनं बाहीनं नाक दाबून धरलं होतं. जन्मभर आतडी धुतलेला एक खाटीक बेसिनमध्ये ओकत होता. दुसरा खिडकी उघडायला झटत होता.

"आठवड्याची उलटी डब्यात कोंडलीय रे ही," डेस बाहीतून म्हणाला. "आणि तुला माती वाटते?" मग थांबून म्हणाला, "रविवारचं मटणही असंच उतरलं होतं, नाही का?"

दुपारी बॉयलर बंद पडला. चारशे मेंढ्या आवारात ताटकळत राहिल्या. टाकी रिकामी करून पुन्हा सुरू करायला तीन महिने लागणार होते. क्लेमला शनिवारपर्यंत घर सोडायला सांगितलं.

तो घरी आला तेव्हा दाराशी खोकी बांधून ठेवलेली होती.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी जरा शंका आली. मंगळवारी झाकण उघडताच कळलं."

"अगं, घर गेलं! तुझंसुद्धा!"

"हो. मी जीलाँगला जातेय, बहिणीकडे. तिच्याकडे एकच पलंग आहे."

तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. गडद रश्श्यात मांसाचे तुकडे होते. काटा उचलता उचलता तो थांबला.

"कसलं आहे?"

"तूच सांग. हाडापाशी कळतं ना तुला?"

त्याला भूक लागली होती. त्यानं घास तोंडात घातला, चावला, आणि सवयीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं.