लाल धाग्याचा दोर

टक्. सुखदाने मोठी कात्री फरशीवर ठेवली. चेरीताल मोहल्ल्यातल्या तिच्या घरात दुपारची सामसूम आहे, म्हणून एवढासा आवाजही ठळक उमटला. मी तिच्यासमोर वेटोळं घालून पडलो आहे. तिची सहा वर्षांची चिन्मयी माझं एक टोक कमरेला गुंडाळून बसली आहे.

मित्रांनो, मी गिर्यारोहकांचा एक म्हातारा दोर. ती कात्री माझ्यासाठीच आहे. मला तिची भीती नाही. मला वाटते ती किळस, आणि कशाची ते सांगितल्याशिवाय मला जायचं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात पांढऱ्या धाग्यांचा पिळदार गाभा होता आणि वर निळं विणलेलं आवरण. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात माझ्या नावाची वही होती. मी कुठल्या दगडावर गेलो, कोण पडलं, कुठे घासलो, सारं तीत लिहीत. चुकून माझ्यावर पाय पडला तर मुलं वाकून नमस्कार करत, पुस्तकाला करतात तसा. कोमट पाण्यात धुऊन मला सावलीत वाळत घालायची ती सुखदा. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मला चोळताना गुणगुणायची.

एका सकाळी मदनमहालच्या टेकडीवर तिचा पाय सुटला. ती झोका खात बाजूला गेली आणि मी दगडाच्या धारेवर खरखरत घासलो. मी तिला सोडलं नाही. पण माझ्या आत काहीतरी तुटलं. वरून दिसायचं नाही. बोटांनी चाचपलं की त्या एका जागी मी लुळा पडायचो, हाडच नसल्यासारखा. सुखदाने तिथे लाल धागा घट्ट गुंडाळला.

मंडळाची एक रीत होती. असा दोर पुन्हा वापरायचा नाही, आणि ज्याचा जीव त्याने वाचवला त्यानेच त्याचे तुकडे करायचे. सुखदाने कात्री हातात घेतली अन् रडायलाच लागली.

"माझ्यानं नाही होत रे."

"मला दे," तिचा मित्र आलोक म्हणाला. "भिंतीवर शोभेला टांगतो."

तिने मला त्याच्या हवाली केलं. आणि वहीत लिहून टाकलं, 'कापला'.

अनेक वर्षं मी आलोकच्या माळ्यावर होतो. मग गेल्या साली त्याने गोहलपूरकडच्या एका गोदामात लाकडी भिंत उभारली, तिला हात-पाय रोवायला रंगीत खुंट्या ठोकल्या, दारावर पाटी लावली: 'छोटे गिर्यारोहक, वय चार ते आठ'. मला वाटलं, चला, शोभेला का होईना, मुलं तरी दिसतील. त्याने माझ्या लाल धाग्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि मला वरच्या कडीतून ओवलं.

काय सांगू तिथली घाण! गाद्यांना आंबट मोज्यांचा वास. टोप्या आतून तेलकट, या डोक्यावरून त्या डोक्यावर. मोठ्या माणसांचे पट्टे लहानग्यांच्या कमरेला दोनदा गुंडाळलेले. चिप्सच्या मसाल्याने बरबटलेले हात मला धरायचे, आणि ज्याने मला खालून ताणून धरायचं तो माणूस फोनमध्ये बघून हसायचा. पण त्या हातांचा मला राग नव्हता. एकेक मूल माझ्या लुळ्या जागेवर विश्वासाने लोंबकळायचं, आणि मला ओरडता येत नव्हतं. तेव्हा मला माझीच शिसारी यायची.

गेल्या रविवारी दारात ओळखीचा आवाज आला.

"आलोक, चिन्मयीला चढायला शिकवायचं म्हणून शहर पालथं घातलं रे! एका ठिकाणी म्हणे, दीदी, हवा भरा हुआ झूला है, उसी को क्लाइंबिंग समझो. दुसरीकडे बारा वर्षांच्या आत घेत नाही. आणि ही घरी खिडकीच्या गजांवर चढून राहिली रोज!"

"मग पहिलेच इकडे यायचं ना! चलो, चिनू बेटा, बांधून घे."

चिन्मयी खुशीत उड्या मारत आली. आलोकने तिला माझी गाठ मारली. पण सुखदाची जुनी सवय सुटली नव्हती. तिने गाठ ओढून पाहिली आणि मग मला हातातून सरकवत गेली. बोटं चिकटपट्टीशी थांबली. तिने मला तिथे दुमडलं. मग नखाने पट्टी सोलली.

लाल धागा.

"हा तोच आहे ना?" तिचा आवाज एकदम खाली गेला.

"अगं, वीस-वीस किलोची पोरं. त्यांच्यानं काय तुटते? चेक करून राहिलो ना मी!"

"ह्याच्यावर लहान लेकरं चढवतोस तू? लाज नाही वाटत?"

बाकावरची एक आई उठली. "दीदी, मेरा बेटा तो छह महीने से इसी पे चढ रहा है. काय झालं?"

सुखदाने तिला सगळं सांगितलं. बायकांनी आपापली मुलं जवळ ओढली. तोवर सुखदाने चिन्मयीची गाठ सोडली आणि मला वरच्या कडीतून खसाखस खाली ओढलं.

आलोक चिडला. "मोठी आली मला शिकवणारी! आणि वहीत 'कापला' कोणी लिहिलं होतं? मी?"

ती चिन्मयीचा हात धरून निघाली. मला खांद्यावर टाकून घरी घेऊन आली.

मित्रांनो, एवढंच सांगतो. ज्याने तुम्हाला सांभाळलं त्याच्यावर माया करा, पण त्याचं काम संपलं की ते नीट संपवा. मायेपोटी ठेवलेली मोडकी वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या कमरेला बांधली जाते.

आता सुखदाने लाल धाग्यापाशी मला कापलं आहे. करकर आवाज झाला आणि माझ्या पोटातला तुटलेला, पिंजलेला गाभा बाहेर आला. चिन्मयी तो बोटाने चिवडत बसली.

"आई, हे तर अंदर से तुटलेलं होतं."

"हो, राणी."

"तुला मालूम होतं?"

"हो."

"मग तू तेव्हाच काहून नाही कापलं?"

पुढच्या तुकड्यासाठी सुखदाने कात्री उघडली होती. ती तशीच उघडी राहिली.