कापून काढलेल्या सायलेन्सरची कैफियत

मित्रांनो, जुना म्हणा, गंजका म्हणा, अंगभर पोचे पडलेला म्हणा, मला राग नाही. मी एका पिकअप गाडीचा सायलेन्सर आहे. गाडीच्या पोटाखाली, चिखलाच्या आणि खडीच्या माऱ्यात एक लांबट डबडे लोंबकळत असते ना, तो मी. माझ्याकडे कुणी वाकून बघत नाही. गाडी धुणारासुद्धा माझ्यापर्यंत पोचेपर्यंत कंटाळलेला असतो. पण मला कापून काढले तेव्हा काय झाले, ते तुम्ही ऐकायलाच हवे. ते एका बाईच्या जिवावर बेतले होते.

माझा जन्मच मारातून झाला. कारखान्यात पत्रे एका अजस्र यंत्राखाली सरकत होते. यंत्र धाडकन खाली आले आणि मी वाकलो. पुन्हा आले आणि माझ्या कडा दुमडल्या. मग भोकाभोकांच्या नळ्या माझ्या पोटात कोंबल्या, मध्ये आडव्या भिंती ठोकल्या आणि दोन्ही तोंडे झाळून टाकली. एवढे हाल कशासाठी, तर इंजिनाची बोंब माझ्या पोटात शिरावी, या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटावी आणि बाहेर पडेपर्यंत दमून जावी. इंजिनात एकामागून एक स्फोट होत असतात. प्रत्येक स्फोटाची लाथ माझ्या पोटात बसते. मी ती सोसतो, म्हणून तुम्हाला नुसती गुरगुर ऐकू येते. मी शांत स्वभावाचा आहे असे मात्र समजू नका. दिवसभर लाथा खाणारा शांत कसा असेल? मी मूळचा तापटच आहे.

माझी गाडी एका बहीण-भावाची. वडिलांच्या मागे दोघांनी फरशा वाहून नेण्याचा धंदा पुढे चालवला होता. माल, गिऱ्हाइके, भांडणतंटे सगळे ताई बघायची. धाकटा गाडी चालवायचा. दगड कापण्याच्या कारखान्यात फरशा भरायच्या आणि गोदामात नेऊन उतरवायच्या, हा आमचा रोजचा उद्योग.

गोदामाची वाट म्हणजे दोन भिंतींमधला अरुंद बोळ, तोही चढाचा. चढ संपतो तिथे दगडी ओटा. गाडी बोळात उलटी घालून ओट्याला टेकवावी लागे. हौद्यात फरशा लाकडी घोड्यावर, म्हणजे तिरक्या चौकटीवर, उभ्या रचलेल्या असत, त्यामुळे मागच्या काचेतून फरशांशिवाय काही दिसत नसे. बाजूच्या आरशांत भिंती. धाकट्याला डोळे असून नसल्यासारखे. त्याने भरवसा ठेवायचा तो ओट्याजवळ उभ्या असलेल्या ताईच्या आवाजावर.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." ताई ओरडत राही, आणि गाडी ओट्याला टेकायच्या बेतात आली की, "राहू दे!"

बाकीचे लोक 'बस' म्हणतात, 'थांब' म्हणतात. या घरात वडिलांपासून 'राहू दे' चालत आले होते. मुलांना गाडी शिकवताना वडील तेच ओरडायचे, आणि आई ताटात जास्तीचे वाढायला लागली की हात आडवा धरून तेच म्हणायचे. त्यामुळे दोघा भावंडांच्या तोंडात तो शब्द पक्का बसला होता. ताईचा आवाज इंजिनापलीकडे, फरशांपलीकडे केबिनपर्यंत नीट पोचायचा, तो माझ्यामुळे. तिला ते ठाऊक होते. एकदा ती मेकॅनिकला म्हणाली होती, "बाकी काय बदलायचं ते बदला, पण सायलेन्सर कंपनीचाच राहू द्या हं. घसा एकच आहे मला." त्या दिवशी माझे पोट अभिमानाने भरून आले होते.

माझे नशीब फिरवले ते वाळूवाल्याने. हा वाळूच्या ट्रकचा चालक कारखान्याच्या फाटकाशी उभा असायचा. अंगापेक्षा जीभ मोठी. स्वतःच्या ट्रकचा सायलेन्सर त्याने कधीच उपटून टाकला होता, आणि तो ट्रक फाटकातून शिरला की कारखान्यातली माणसे कानांवर हात ठेवायची. एकदा धाकटा गाडी घेऊन आत आला तर हा ओरडला, "अरे, आलास कधी? कळलंच नाही! गाडी आहे का शिवणयंत्र?" सगळे हसले. मग पुढे म्हणतो, "बहिणीनं सांगितलंय वाटतं, हळू बोल म्हणून!" तेव्हा तर हमाल पोट धरून हसले. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काही माणसांना मार सोसतो, हसे सोसत नाही. हा त्यांतला.

ताई मालाची बोलणी करायला गेलेली बघून त्याने गाडी वेल्डरच्या शेडमध्ये घातली. वेल्डर खाली वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "हा बोळा काढून टाक. इंजिनाचा श्वास मोकळा होईल, ताकद वाढेल. आणि आवाज असा निघेल की वाळूवाला रस्ता सोडून पळेल."

"ताई ओरडेल."

"ओरडू दे की. ऐकू कुठं येणार आहे तुला?" वेल्डर म्हणाला, आणि दोघे खो खो हसले.

मग ग्राइंडरचे पाते माझ्या मानेत घुसले. ठिणग्या उडाल्या. मान तुटली, तरी मी लोंबकळत राहिलो, कारण मला धरून ठेवणारे रबर चिवट होते. वेल्डरने घण घातला. एकदा, दोनदा, तोंडाने शिव्या देत. मी जमिनीवर आदळलो आणि त्याने मला लाथेने कोपऱ्यात उडवले. माझ्या जागी एक रुंद सरळ नळी बसली. तिच्या पोटात ना भिंत ना भोक, आणि टोकाला चकचकीत भोंगा. धाकट्याने गाडी सुरू केली तशी शेडचे पत्रे थडथडले, फळीवरचा पान्ह्यांचा डबा खाली कोसळला आणि पायरीवर झोपलेले कुत्रे शेपूट घालून पळाले. धाकटा टाळ्या पिटत होता. मला त्याने मागच्या हौद्यात फेकले. म्हणाला, "तपासणीच्या वेळी लागेल."

ताकद वाढली का म्हणाल, तर बडा घर पोकळ वासा. मोकळ्या रस्त्यावर सुसाट जाताना थोडा फरक पडला असेल, मी खोटे बोलणार नाही. पण नळी गरजेपेक्षा रुंद होती. भरलेली गाडी हळूहळू चढावर घ्यायची म्हटली की इंजिन आधीपेक्षा लवकर धापा टाकू लागे. मग धाकटा पाय आणखी दाबायचा आणि भोंगा आणखी बोंबलायचा. जिथे ताईचा आवाज ऐकण्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तिथेच सगळ्यात जास्त गोंगाट. लोक आता धाकट्याला 'भोंग्या' म्हणू लागले. त्याला वाटले, कौतुक करताहेत.

त्यांच्या घरासमोर एक कंपाउंडर राहायचा. त्याला दवाखान्यात रात्रपाळी असायची, सकाळी येऊन तो झोपायचा. धाकटा नेमका तेव्हाच गाडी तापवत बसे. कंपाउंडरने आधी खिडकीतून विनवले, मग हात जोडले. एके सकाळी तो गंजीवरच खाली आला आणि बॉनेटवर मूठ आपटून ओरडला, "बंद कर हे! माणसं राहतात इथं!"

"गाडीला हात लावायचा नाही," भोंग्या केबिनमधून उतरत म्हणाला.

"लावीन! हा बघ लावला!" कंपाउंडरने आरशावर थप्पड मारली. आरसा तडकला.

भोंग्याने हौद्यात हात घातला आणि हाताला लागलो तो मी. मित्रांनो, त्याने मला तुटक्या मानेला धरून उचलले आणि कंपाउंडरच्या खांद्यावर हाणले. हाड मोडल्याचे मला माझ्या पत्र्यात जाणवले. तो माणूस गुडघ्यांवर बसला. भोंग्याने मला पुन्हा वर उचलले होते, तेवढ्यात ताई धावत आली आणि तिने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की मी त्याच्या हातून गळून पडलो. मला घडवले ते धक्के सोसायला. मला धक्का द्यायला लावले, याची लाज मला आजही वाटते.

कंपाउंडरला दवाखान्यात पोचवून ताई परत आली ती तरातरा. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा होता तिथं बसव. आजच्या आज."

"उद्या बसवतो."

"उद्या म्हणजे कधी?"

"उद्या म्हणजे उद्या गं ताई! आज माल पोचवायचाय ना?"

माल तर रोजच पोचवायचा असतो. तो उद्या काही उगवला नाही. ताई रोज त्याच्या नावाने बोटे मोडायची आणि रोज बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिचा घसा बसला. ती हौद्याच्या फळीवर हात आपटू लागली, पण त्या नळीच्या थरथरीत तेही केबिनमध्ये कळत नसे. तरी ती उभी राहायची, कारण गाडीवर भाऊ होता आणि माल दोघांचा होता.

त्या दुपारी फरशा मोठ्या होत्या. गाडी चढावर रडत होती. भोंग्या पाय दाबत होता. ताई ओट्याजवळ बाजूला उभी राहून "येऊ दे... येऊ दे..." करत होती. मी हौद्यात घोड्याच्या पायाशी पडलो होतो, म्हणून मला दिसले. मागच्या फरशीचा दोर सुटला. फरशी कलली. ताईने विचार केला नाही. ती गाडी आणि ओटा यांच्यामध्ये शिरली, दोन्ही हात फरशीला लावले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "राहू दे! अरे राहू दे!"

नळीच्या गर्जनेने त्या शब्दाचे तोंड खाल्ले. केबिनपर्यंत पोचले ते नुसते शेपूट: "...ऊ दे! ...ऊ दे!"

त्याने पाय दाबला.

फरशी ताईच्या हातांवरून घसरून ओट्यावर फुटली. गाडीची मागची फळी आणि दगडी ओटा यांच्यामध्ये ताईचा पाय होता. ती किंचाळली, तर खालून पुन्हा भोंगा गरजला, कारण गाडी अडतेय असे समजून त्याने आणखी जोर लावला होता. मी हातभर अंतरावर होतो. माझे काम आवाज पोटात घेण्याचे, आणि तेव्हा मी रिकाम्या पोटाने पडून होतो. शेवटी एक हमाल बोळाच्या कडेने अंग खरवडत पुढे गेला आणि त्याने फुटक्या फरशीचा तुकडा केबिनच्या काचेवर मारला. काच फुटली तेव्हा कुठे भोंग्याने गाडी थांबवली.

"मागं ताई आहे! ताई आहे रे मागं!"

तिला उचलले तेव्हा ती शुद्धीवर होती. ओठ पांढरे पडले होते. भावाकडे बघून म्हणाली, "मी राहू दे म्हणाले होते ना रे?"

"मला येऊ दे ऐकू आलं, ताई," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा भोकाड पसरून रडू लागला.

ताई वाचली. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कसा कापतात ते मला कुणी सांगायला नको.

दवाखान्यातून आल्या आल्या धाकट्याने गाडी वेल्डरच्या शेडमध्ये घातली आणि घण उचलला. गाडीखाली आडवा होऊन त्याने त्या भोंग्यावर घाव घातले. चकचकीत टोक चेपले, नळी वाकली, तरी तो थांबेना. घण निसटून स्वतःच्या हातावर बसला. बोटे फुटली, रक्त कोपरापर्यंत आले, तरी तो मारतच होता. वेल्डरने त्याला पाय धरून बाहेर ओढले. मग त्याच वेल्डरने, मान खाली घालून, माझी मान पुन्हा जोडली. पोचा पडला होता तो तसाच ठेवला. फाटकाशी वाळूवाला भेटला. "वाईट झालं रे," म्हणाला, आणि ट्रक गर्जवत निघून गेला.

आता मी माझ्या जागी आहे आणि पूर्वीसारख्या लाथा खातो आहे. मित्रांनो, मला भोके पडली तर ठिगळ लावा, रबर तुटले तर नवे घाला, पण मोठेपणा मिरवण्यासाठी मला कापू नका. गाडीचा दरारा तिच्या आवाजात नसतो. आणि तुमच्या मागे उभे राहून कुणी तुम्हाला हाक देत असेल, तर आधी आपला गोंगाट कमी करा. मागचा माणूस तुमच्यावर जीव टाकून तिथे उभा असतो.

आज ताई कुबड्या घेऊन गोदामात आली. कुणाचे ऐकेल तर ना! ओट्यावर, कडेपासून चांगली दूर, खुर्ची मांडून बसली. धाकट्याने बोळात गाडी उलटी घातली आणि अर्ध्यावर थांबवली.

"येऊ दे!" ताई म्हणाली. गाडी हलली नाही.

"अरे, येऊ दे की! उरलाय तो एकच पाय, तो मी वर घेतलाय!"

हमाल हसले आणि लगेच गप्प झाले. धाकटा खाली उतरला, मागे येऊन ताई कुठे बसली आहे ते पाहून गेला, पुन्हा स्टिअरिंगवर बसला. पुन्हा उतरला, पुन्हा पाहून गेला. मी इंजिनाचा आवाज पोटात घट्ट दाबून धरला आहे. बोळात दुसरा आवाज नाही. ताई हाक देते आहे, "येऊ दे... येऊ दे..." त्याला प्रत्येक अक्षर ऐकू येते आहे, आणि त्याचा पाय ब्रेकवरून उचलत नाही.