लायदी म्हणजे काय

मुक्ताचं टाळकं सकाळपासूनच तापलेलं होतं. आखातातल्या मंगफ गावच्या फ्लॅटमध्ये तिच्या दुसऱ्या मुलीचं बारसं, पाळणा सजलेला, आणि नाव मात्र सासूबाईंनी तिकडे कराडला बसून परस्पर ठरवून टाकलेलं. इति.

"इति म्हंजे पुरं झालं," व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या होत्या. "देवाला कळू दे की, आता पोरी नकोत. पुढचा मुलगाच पायजे."

जयदीपला त्यात काहीच वावगं दिसेना. "दोन अक्षरी आहे, मॉडर्न आहे. आईचं मन राखायला तुझं काय जातंय?" असं म्हणून तो फुगे फुगवायला बसला. ऑफिसात साहेबाशी हुज्जत घालणारा हा शूर गडी आईपुढे नंदीबैलासारखा मान डोलवायचा.

सगळ्यांत आधी शेजारची लायदी आली. ही चिनी बाई, नवरा जवळच्याच मीना अब्दुल्ला गावातल्या रिफायनरीत इंजिनियर. बाळासाठी तिनं त्यांच्या रीतीप्रमाणे लाल रंगवलेली उकडलेली अंडी आणली होती. बारशाला अंडी! पण मुक्तानं ती मुद्दाम पाळण्याशेजारी ठेवली. बिल्डिंगमध्ये ही बाई स्वतःचं नाव लिली सांगायची. खऱ्या नावानं हाक मारायची ती एकटी मुक्ताच. इतकं गोड नाव लपवायचं कशाला, असं तिला वाटायचं.

"बाळाचं नाव काय? अर्थ काय?" लायदीनं तुटक इंग्रजीत विचारलं.

मुक्तानं रागाच्या भरात खरं ते सांगून टाकलं. लायदीनं पाळण्यात डोकावून पाहिलं.

"लाय म्हणजे ये. दी म्हणजे धाकटा भाऊ," ती म्हणाली. "माझ्या लहानपणी आमच्या गावात अशा खूप लायदी होत्या. माझ्याच वर्गात तिघी. आता शहरात हे नाव कुणी ठेवत नाही."

"मग? आला भाऊ?"

"आला. पण अजूनही कुणी मला हाक मारली, की बोलावतात त्यालाच."

मुक्ताला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. इतके दिवस जिन्यातून मोठ्या प्रेमानं ती हेच ओरडत होती! तिला स्वतःचा संताप आला, आणि त्याहून जास्त त्या फुगेवाल्याचा.

बायका जमल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या, म्हणजे शैलावन्सं, कराडला. म्हणून जयदीपनं फोनच बाळाच्या कानाशी धरला. वन्संचा आवाज आला, "कुर्रर्र..."

मुक्तानं फोन हिसकावून बंद केला.

"अगं, काय हे? सगळे बघतायत!"

"बघू देत! तुझ्या आईला देवाला निरोप धाडायचाय ना? स्वतः धाडू दे. माझी लेक काय पोस्टकार्ड आहे?"

फोन पुन्हा वाजायला लागला. जयदीपनं हात पुढे केला आणि बायकोचे डोळे बघून मागे घेतला. मुक्ता पाळण्यावर वाकली.

"कुर्रर्र... स्वागता."

लायदी जवळ आली. "या नावानं कुणाला बोलावतात?"

"हिलाच," मुक्ता म्हणाली.