रंग बघायची फळी

"ही आमची रंग बघायची फळी आहे हो. चित्र नव्हे," मी म्हणालो.

पाणीपट्टी कार्यालयाच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीकडे पाहिले. "चित्र नव्हे? मग लावायला कशाला दिलंत?"

"लावायला नाही दिली. चित्र आत होतं. त्याला धक्का लागू नये म्हणून ही वरून बांधली होती."

"आणि नावाची चिठ्ठी?"

"दोरीला."

"घ्या. चिठ्ठी दोरीला, दोरी फळीला. शिपायानं काय स्वप्न बघायचं? आणि आता काही होणार नाही. साहेबांनी येता-जाता बघितली. म्हणाले, काहीतरी वेगळं आहे."

गावातल्या कलावंतांच्या कलाकृती महिनाभर आपल्या प्रतीक्षालयात मांडाव्यात, असे त्या कार्यालयाने ठरवले होते. मी स्वतःला कलावंत समजत नाही. घरे रंगवणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या प्रतीक्षालयाच्या भिंतीही मीच रंगवलेल्या आहेत. त्या ओळखीने शिपायाने मला सुचवले आणि मी माझे एकमेव चित्र आणून दिले. ते आमच्या मुलाचे होते. तो माझ्याबरोबरच कामाला येत असे. गेल्या वर्षी तापाचे निमित्त झाले आणि तो गेला. त्यानंतर उरलेल्या तैलरंगांत, त्याच्या फोटोवरून, मी तो चेहरा उतरवला होता. आणतेवेळी रंग पुरता वाळलेला नव्हता. म्हणून चारही कोपऱ्यांत लाकडाचे तुकडे ठेवून ती फळी मी चित्राच्या तोंडावर बांधली.

आता भिंतीवर, पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीशेजारी, ती फळी टांगलेली होती. एखादे घर रंगवण्यापूर्वी मालकाला छटा दाखवायची, तर आम्ही तिच्यावर एक पट्टा मारीत असू. अशा कित्येक घरांचे पट्टे एकमेकांशेजारी आणि एकमेकांवर चढलेले होते. खाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: आमचा मुलगा.

"माझं चित्र कुठाय मग?"

"सामानाच्या खोलीत असेल. किल्ली भांडारवाल्याकडे, आणि भांडारवाला सासुरवाडीला. जावईबापू कधी परततात ते त्याच्या सासऱ्यालाच विचारा."

मला राग आला असे म्हणता येणार नाही. भेगांमध्ये लांबीचा लगदा भरून घासून काढला की भिंत जशी सपाट दिसते, तसे माझे मन ते वर्षभर होते. परंतु त्या दिवशी माझी पत्नी येणार होती. मुलगा गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. चित्र लागणार आहे, चार माणसे त्याचा चेहरा पाहतील, असे मी सांगितले तेव्हा तिने "कधी?" एवढेच विचारले होते. तो चेहरा इथे दिसला नाही, तर ती पुन्हा घराबाहेर पडणार नाही, हे मला ठाऊक होते.

रांगेत उभ्या असलेल्या दोघांचे चालले होते.

"हे काय आहे रे?"

"आपल्या नळाला येतं ते पाणी. रोजचा रंग वेगळा."

"मग चिठ्ठी चुकली. मुलगा कसला, साहेबांचा कारभार लिहायला पाहिजे."

ते हसले. मीही हसल्यासारखे केले. तेवढ्यात माझा मेहुणा आपल्या बहिणीला दंडाला धरून आत घेऊन आला. तिने पायात माझ्याच चपला घातल्या होत्या. तिच्या स्वतःच्या कुठे ठेवल्या आहेत, हे बहुधा तिला आठवले नसावे.

"कुठाय?" तिने विचारले.

मेहुण्याने चिठ्ठी वाचली, मग फळी पाहिली, मग मला पाहिले.

"भाऊजी, पोराचं तोंड कुठाय? एवढ्या लांब ताईला ही लाकडाची फळी बघायला आणलं?"

"चूक झाली त्यांची. चित्र आत अडकलंय. मी दोन दिवसांत—"

"चूक त्यांची. तुमची चूक नेहमी दुसऱ्याचीच असते."

पत्नी आमचे ऐकत नव्हती. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली. मधल्या एका फिकट पिवळ्या पट्ट्यावर तिने बोट ठेवले.

"हा आपल्या स्वयंपाकघराचा ना? औषधासारखा दिसतोय म्हणाले होते मी."

"हो. मग त्यानं दुसरा बनवला."

"दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी." तिचे बोट पट्ट्याच्या टोकाशी थांबले. "डाव्या हाताचा आहे."

तेव्हा मला ते दिसले. माझा ब्रश सुटतो तो उजवीकडे झुकून. मुलाचा डावीकडे झुकून सुटत असे. ती फळी मी रोज हाताळली होती, परंतु अशी उभी, दुरून, उजेडात कधी पाहिली नव्हती. पत्नी एकेका पट्ट्यावर बोट ठेवीत गेली, शाळेत बाराखडी गिरवावी तशी.

"हा त्याचा. हा तुमचा. हा तुमचा. हा त्याचा. हा पण त्याचाच."

मेहुणा टोपी काढून उभा राहिला. मागून एका गृहस्थांनी विचारले, "बाई, तुम्ही रांगेत आहात का?"

"नाही. आम्ही बघायला आलोय," ती म्हणाली, आणि त्यांना वाट देण्यासाठी जराशी बाजूला सरकली. बोट मात्र तिने उचलले नाही.

पुढे भांडारवाला परतला. कारकून म्हणाला, "आणा, बदलून टाकू एकदाचं." पत्नीला विचारले तर ती म्हणाली, "राहू दे. तुमच्या चित्रात डोळे जमले नाहीत." त्या महिन्यात ती आणखी तीनदा तिथे गेली. तिसऱ्या वेळी एकटी गेली, स्वतःच्या चपला घालून.

महिना संपल्यावर दोन्ही वस्तू घरी आल्या. फळी तिने स्वयंपाकघरात लावली. चित्र कपाटामागे आहे. तेही तिने फेकू दिले नाही.

मला कामावर दुसरी फळी घेणे भाग पडले. आता तीही बरीच भरत आली आहे. तिच्यावरचे सगळे पट्टे उजवीकडे झुकलेले आहेत.