मिरवणुकीतला टर्बो

माझा धाकटा भाऊ नवनीत सुरतेहून जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. इंजिन एवढंसं, जोर सगळा टर्बोचा, तोही इंजिन जोरात फिरल्यावरच येणारा. नवापूरला माझं गॅरेज आहे, वीस वर्षं इंजिनं खोलतोय. त्याला म्हटलं, अरे, आपल्याकडे दर फर्लांगाला गतिरोधक आणि म्हशी. इथे हळू चालतानाही ओढणारं मोठं इंजिन पाहिजे. तुझा टर्बो जागा होईपर्यंत ब्रेक दाबायची वेळ येते! पण पालथ्या घड्यावर पाणी.

"दादा, तुन्हा जमाना गया," म्हणे.

वर या शहाण्याने स्वतःच्या लग्नाची मिरवणूकही त्याच गाडीतून काढली. खांडबाऱ्याला, नवरीच्या गावी, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत. तेही चढावर! चालवायला अर्थात मीच. पुढे बँड, मागे नाचणारे आणि गाडीच्या अगदी नाकासमोर आमचे वडील, आप्पा. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना सातच महिने झाले होते. सातही महिने एकच पालुपद, "नवनीतना लगनमा नाचसूच."

दहा पावलं चाललं की थांबायचं. अर्ध्या क्लचवर गाडी धरून माझ्या पोटरीत गोळा आला. क्लच जळल्याचा वास सुटला. जरा जास्त दाबला की गाडी मेल्यासारखी मागे घरंगळायची. घामाने माझा नवा सदरा पाठीला चिकटला, आणि शेजारी फेटा बांधलेले नवरदेव मलाच शिकवत होते.

"जोरमा पाय दे ना, दादा! टर्बो शे!"

"टर्बोच शे म्हणून तर देत नाही! पुढे आप्पा आहेत, दिसत नाहीत?"

"काही नही व्हत. दे!"

नाचणाऱ्यांच्या मागे अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझं डोकं फिरलं आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला. आधी काहीच नाही. मग एकदम सगळा जोर आला आणि गाडीने उडी मारली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं.

गाडी आप्पांच्या पायजम्यापासून वीतभर अंतरावर होती. त्यांची पाठ आमच्याकडे, हात वर. "आखो वाजाडा रे!" ते ओरडून बँडवाल्यांना आणखी वाजवायला सांगत होते.

नवनीतला चार शिव्या द्यायला मी वळलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने हात लांबवून चावी काढली.

"दादा, मी पायी येस."

तो खाली उतरला, गाडी आणि आप्पा यांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि आप्पांचे खांदे त्याने घट्ट धरले. आप्पांना वाटलं, पोरगा आपल्याबरोबर नाचायला उतरला.