माझा हिवाळा मला द्या

मित्रांनो, मी एक म्हातारे कासव आहे, आणि मला कोणी ‘परदेशी प्राणी’ म्हटले की माझे डोके रागाने कवचाबाहेर येते. ब्रेमेन शहरात, इर्मट्राउडबाईंच्या अंगणात, रासबेरीच्या झुडपाखाली मी अंड्यातून बाहेर पडले. त्यांचा मुलगा डेटलेफ तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढे रांगण्याच्या शर्यतीत मी त्याला हरवलेही आहे. मग या घरात परके कोण, तुम्हीच सांगा.

आमच्या जातीला हिवाळाभर झोपावे लागते. पूर्वी मी तळघरात पाचोळ्याच्या खोक्यात झोपत असे. हल्ली थंडीचाही भरवसा नाही, म्हणून झोपेआधी खाणे सोडून माझे पोट रिकामे झाले की बाई मला एकसारख्या गारव्यासाठी खोक्यासकट तिथल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवतात. डेटलेफला लहानपणापासून एवढेच ठाऊक, की कासव हिवाळ्यात दिसत नाही. का दिसत नाही, हे त्याने कधी विचारले नाही.

एका शरदात बाई घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडून इस्पितळात गेल्या. घर सांभाळायला डेटलेफ आणि त्याची बायको आंके आली. आंके मनाने फार प्रेमळ. घोळ तिनेच घातला.

“उष्ण देशातला जीव हा, गारठून मरेल बिचारा,” ती म्हणाली. तिने माझ्यावर रात्रंदिवस दिवा लावला आणि नाकासमोर स्ट्रॉबेरी धरली.

मी तोंड उघडले नाही. स्ट्रॉबेरी तुडवली, पाण्याची बशी उलटी केली, दिव्याकडे पाठ फिरवून भिंतीला धडका देत राहिले. माज म्हणा हवे तर. माझे अंग झोप मागत होते आणि तो दिवा मला झोपू देत नव्हता. डोळे खोल गेले, पाय लटपटू लागले. मला जगायचे होते, म्हणूनच मी भांडत होते.

शेवटी डेटलेफने बाईंना फोन लावला. “अगं आई, तुझं कासव अन्नाला शिवत नाही. सारखं भिंतीवर आपटतंय.”

“दिवा लावलायस त्याच्यावर?”

“मग? थंडी पडलीये.”

“विझव आधी. कोमट पाण्यात बसव, हळूहळू गार खोलीत ने. मग तळघरातल्या फ्रिजमध्ये ठेव.”

“फ्रिजमध्ये? माझ्या बिअरशेजारी?”

“फ्रिज त्याचा आहे, गाढवा. बिअर तुझी घुसलीये. आणि त्याला ताजी हवा लागते. तू रोज दार उघडशीलच, त्याची मला काळजी नाही.”

खोके आत सरकवताना आंके रडली. मी मात्र कधी नव्हे इतके निवांत झोपले.

वसंतात बाईंनी काठी टेकत स्वतः दार उघडले. मी एक पाय बाहेर काढला.

“उठला का आपला परदेशी पाहुणा?” आंकेने विचारले.

“पाहुणे तुम्ही,” बाई म्हणाल्या. “ते घरचंच आहे.”

मित्रांनो, जन्म कुठे झाला यावरून कोणी परके ठरत नाही. ज्याची भूक आणि झोप घरात कोणालाच ठाऊक नाही, तो जीव त्या घरात परका. तेव्हा माझी कीव करण्याआधी विचारा, मला काय लागते.

आंके आता विचारते. तिच्या हातची स्ट्रॉबेरी मी खाते, पण उन्हाळ्यात.